ओळखीची वाट

अंगारकीच्या दिवशी राजूरच्या वाटेस लागलेला मनुष्य एकटा म्हणून कधी राहतच नाही. जालन्याहून राजूर पंचवीस-तीस किलोमीटर. मोटारीने तासाभराच्या आतली वाट. परंतु संकष्टी चतुर्थी मंगळवारी आली, की हाच रस्ता आदल्या रात्रीपासून पायी चालणाऱ्यांनी फुलून जातो, आणि मग त्यावर परका असा कोणी उरत नाही. ज्यांची नावेही आपणांस ठाऊक नसतात, त्यांजकडून अर्ध्या वाटेत चहा मिळतो, केळे मिळते, दुखऱ्या पायाला चोळावयास तेल मिळते, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पुढल्या वाटेची बातमी मिळते. कोठे चिखल आहे, कोठले पाणी पिऊ नये, कोणत्या वळणावर मोटारी भरधाव येतात, हे कोणी छापून लावलेले नसते. ते एका तोंडातून दुसऱ्या कानात जात जात पहाटेपर्यंत मंदिराच्या पायऱ्यांशी पोहोचते. त्याच वाटेने एकाचे पडसेही दुसऱ्याकडे जाते, हे खरे. पण म्हणून यात्रेस एकट्याने आडरानातून जावे, असे आजवर कोणा शहाण्याने सुचविलेले आमच्या ऐकिवात नाही.

हा साधा विचार आम्हांस सुचला तो २०२५ च्या श्रावणातील अंगारकीस, आणि तोही आपण होऊन सुचला नाही. आमचा पिंड पायी चालण्याचा नव्हे. जवळजवळ तीस वर्षे आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरीत आहो, आणि या धंद्यात गुडघ्यांपेक्षा जिभेलाच व्यायाम अधिक. परंतु आमच्या सौभाग्यवतींचा नवस होता, आणि नवस बोलणारीने बोलावा व फेडणाऱ्याने चालावे, अशी आमच्या घरातील श्रमविभागणी आहे. पहाटे तीनच्या सुमारास एका चहाच्या राहुटीशी आम्ही पाय चोळीत बसलो असता, कानांशी केस पिकलेला एक गृहस्थ समोर येऊन वाकला. “सर, ओळखलंत का? बी. ए. ला तुमच्या वर्गात होतो. मागच्या बाकावर बसायचो.” मागच्या बाकावरील विद्यार्थी शिक्षकास सहसा आठवत नाहीत, परंतु याच्या शेजारी कोण बसत असे, हे मात्र आम्हांस तत्क्षणी आठवले, आणि हातातील चहा एकाएकी बेचव लागू लागला.

ती गोष्ट १९९९ सालची. त्या वर्षी आम्ही शेक्सपियरची सुनीते शिकवीत होतो. १६०९ साली छापलेल्या त्या संग्रहातील पहिली सव्वाशेच्या वर सुनीते एका तरुण पुरुषास उद्देशून आहेत, हे इंग्रजी वाङ्मयाच्या प्रत्येक अभ्यासकास ठाऊक असते, आणि वर्गात ते सांगावयाचे टाळण्याची कलाही प्रत्येकास अवगत असते. तास संपल्यावर राजूरकडील एका खेड्यातून आलेला, अंगाने किरकोळ पण डोळ्यांनी चलाख असा एक मुलगा आमच्यामागे आला व म्हणाला, “सर, हे प्रेम पुरुषावरच आहे ना?” आम्ही म्हटले, तो त्या काळच्या काव्याचा एक संकेत होता. उत्तर अगदीच खोटे नव्हते. परंतु ते त्याच्या प्रश्नाचे उत्तरही नव्हते, हे त्यास कळले आणि आम्हांसही कळले.

त्यानंतर महिन्याभराने एका संध्याकाळी तो घरी आला. चहा झाला, परीक्षेच्या गोष्टी झाल्या, आणि मग पेल्याकडे पाहत तो म्हणाला की, त्याच्या एका मित्रास एक जखम झाली आहे, ती अशा जागी आहे की डॉक्टरास दाखविण्याची लाज वाटते, आणि त्या मित्राची ऊठबस काही अशा मुलांत आहे की ज्यांना मुलीच्या सहवासाची ओढ नाही. असा ‘मित्र’ या जगात प्रत्येकास एकदा तरी असतो, आणि तो कोण हे ऐकणारास नेहमीच समजते. आम्हांस समजले. त्या वेळी आम्ही जे बोललो ते आजही अक्षरशः आठवते: “त्याला म्हणावे, ही संगत सोड आणि अभ्यासाकडे लक्ष दे.” मुलगा आज्ञाधारक होता. ‘हो, सर’ म्हणून तो उठला. चार वर्षांनंतर, २००३ च्या पावसाळ्यात तो गेल्याचे कळले. घरच्यांनी टीबी म्हणून सांगितले, आणि आम्ही तेच ऐकून घेतले, कारण तेच ऐकणे सोयीचे होते.

समोर वाकलेला हा गृहस्थ त्या मुलाचा सोबती. तो आता जिल्ह्यातील एका आरोग्यसंस्थेत काम करतो. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांना शोधावे, बोलते करावे, सरकारी रुग्णालयातील तपासणी केंद्रापर्यंत न्यावे आणि औषधे चालू राहतील असे पाहावे, हे त्याचे काम. राजूर येईपर्यंत तो आमच्याबरोबर चालला, आणि चालता चालता त्याने आपली हकीकत सांगितली. ती आम्ही त्याच्या संमतीने येथे थोडक्यात देत आहो.

ते सात जण होते. सातही जण खेड्यापाड्यांतून शिकावयास आलेले, आणि आपल्यासारखा जगात दुसरा कोणी नाही अशी प्रत्येकाची खात्री. ती खात्री ज्या दिवशी खोटी ठरली तो दिवस, त्याच्या शब्दांत, ‘जन्माचा दुसरा दिवस’. त्यांपैकी एकजण नोकरीसाठी मुंबईस गेला. मुंबईत १९९० पासून ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समाजाचे नियतकालिक निघत होते, आणि १९९४ साली अशोक राव कवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हमसफर ट्रस्ट स्थापन केला होता. तेथे असल्या मुलांशी त्यांच्याच भाषेत बोलणारी माणसे होती. त्या मुंबईकराने तपासणी केली, आणि एचआयव्हीची लागण निघाल्यावर त्याने लपून बसण्याऐवजी एक गोष्ट केली: सुटी काढून तो परत आला आणि उरलेल्या सहांस एकेक करून गाठावयास निघाला. ही २००१ ची गोष्ट. पाच सापडले. पाचांपैकी दोघांस लागण निघाली, त्यांतला एक हा सोबती. औषधे तेव्हा विकत घ्यावी लागत आणि ती त्यांस परवडणारी नव्हती. परंतु रोग ठाऊक झाल्यामुळे टीबीवर वेळीच उपचार झाले, साध्या गोळ्यांनी इतर दुखणी रोखली गेली, आणि तगून राहता आले. १ एप्रिल २००४ पासून सरकारने निवडक रुग्णालयांतून एचआयव्हीवरील औषधे मोफत देण्यास आरंभ केला, तेव्हा हे दोघे रांगेत उभे राहण्यास जिवंत होते.

“आणि सातवा?” आम्ही विचारले, वास्तविक विचारण्याची गरज नव्हती.

“तो भेटलाच नाही, सर. त्यानं दोन वर्षांपूर्वीच आमच्याशी बोलणं तोडलं होतं. पत्ता बदलला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं म्हणे, की ही संगत सोड.”

पावसाची सर आली होती आणि पुढे भजन चालले होते, म्हणून बरे. काही वेळ आम्हांस बोलता आले नाही.

वाचकहो, रोग माणसामाणसांतील संबंधांच्या जाळ्यातून पसरतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे, आणि म्हणून जाळेच तोडावे असे आपणांस वाटते. परंतु रोगाचे ज्ञान ज्या जाळ्यातून पसरते तेही बहुतेक तेच असते, इकडे आपले लक्ष जात नाही. लाजेने दोन्हींपैकी कोणते जाळे तुटते ते पाहावे. त्या मुलाने सोबती सोडले; परंतु शरीराची ओढ सोडणे त्याच्या हाती नव्हते. ती ओढ पुढे त्यास बसस्थानकाच्या आसपास, अंधारात, नाव न विचारणाऱ्या माणसांकडे घेऊन गेली असणार. म्हणजे रोगाची वाट उघडीच राहिली, आणि बंद झाली ती फक्त बातमीची वाट. जे सहा जण त्याच्या दारी येऊन ‘चल, तपासून घे’ म्हणाले असते, त्यांस आम्ही एका वाक्याने त्याच्या आयुष्यातून उठवून लावले.

हा आमच्या एकट्याच्या पश्चात्तापाचा तर्क नव्हे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ साली असा अंदाज प्रसिद्ध केला की, तेव्हाची गती कायम राहिली तर तेथील कृष्णवर्णीय समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांपैकी दर दोघांत एकास आयुष्यात केव्हातरी एचआयव्हीची लागण होईल. गौरवर्णीयांत हेच प्रमाण अकरांत एक असे होते. एवढी तफावत पाहून कोणी म्हणेल की, ही माणसेच बेफिकीर असतील. संशोधकांनी तपास केला, तो त्यांचे वर्तन गोऱ्यांहून अधिक धोक्याचे आढळले नाही. फरक होता तो वर्तुळाचा व औषधाचा. ज्यांस इतर समाजाने दूर ठेवले त्यांचे वर्तुळ लहान व बंदिस्त असते. त्यात एकदा रोग शिरला की तो आतल्या आत फिरत राहतो. आणि दवाखाना, विमा व विश्वास या तिन्ही गोष्टी त्यांजपर्यंत उशिरा पोहोचत असल्याने रोगी बरेच दिवस उपचाराविना राहतो. हार्लेम आणि भोकरदन तालुका यांत समुद्र आडवे आहेत. परंतु बंदिस्त वर्तुळाचे गणित दोहोंकडे एकच आहे.

आणि उपायही एकच आहे. न्यू यॉर्कमधील कृष्णवर्णीय व लॅटिन तरुणांनी, घरातून हाकलले गेल्यावर, आपली ‘घराणी’ उभी केली. प्रत्येक घराण्यास एक ‘आई’ असते आणि मुले तिचे ऐकतात. आरोग्यसेवकांना जे दरवाजे उघडत नव्हते ते या आयांच्या शब्दाने उघडले. आपल्याकडे तृतीयपंथीयांत गुरू, चेला, गुरुभाई, नातीचेला अशी नाती कितीएक पिढ्यांपासून आहेत. त्यांत जाचही आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गुरूने एकदा ‘तपासणी करायची’ म्हटले की अख्खे घर रांगेत येते, असा आमच्या सोबत्याचा अनुभव आहे. सांगलीकडे १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या आपसांतील ओळखीवरच निरोधाचा प्रसार उभारला, आणि पुढे त्या स्त्रियांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला आणि मानवी लैंगिकतेवर साध्या मराठीत पुस्तके लिहिली. या सर्वांच्या मुळाशी तत्त्व एकच: उपदेश वरून पडत नाही, तो शेजारून येतो.

‘त्या काळी कोणास काय ठाऊक होते!’ अशी एक सोयीची पळवाट असते. सोबत्यानेही सौजन्याने ती आम्हांस देऊ केली. परंतु आम्ही ग्रंथालयात वावरणारा प्राणी. भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ साली लागला होता. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ साली स्थापन झाली होती. वर्तमानपत्रांत माहिती येत होती. आणि त्याच्याही किती तरी आधी, १९२७ साली, गणिताची प्राध्यापकी सोडून देऊन कुटुंबनियोजनाच्या कार्यास वाहून घेतलेल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले होते. वाचकांच्या खाजगी प्रश्नांस उघड उत्तरे दिल्याबद्दल त्यांजवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र घेण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला, आणि मासिक कर्वे यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालत राहिले. एका प्राध्यापकाने प्रश्नास उत्तर देण्यापायी नोकरी व पैसा गमावला. दुसऱ्या प्राध्यापकास चहाचा पेला हाती असता, दार लावलेले असता, एक वाक्य नीट बोलता आले नाही. काळाकडे बोट दाखविण्याची सोय आम्हांस नाही.

त्या संध्याकाळी जे सांगावयास हवे होते ते तसे मोठे पांडित्याचे नव्हते. सांगावयाचे ते एवढेच: जखम लाजेची नसते, औषधाची असते. ती उपदंशाची असेल तर पेनिसिलिनने बरी होते. तशीच ठेवल्यास ती वरून भरल्यासारखी दिसते पण रोग आत राहतो, आणि अशा जखमेतून एचआयव्हीस शिरण्यास वाट मिळते. निरोधाने यांपैकी बहुतेक धोका टळतो. आज तर सांगण्यासारखे पुष्कळ अधिक आहे. धोक्याचा प्रसंग घडल्यापासून बहात्तर तासांच्या आत औषध सुरू केले तर लागण टाळता येते. लागण नसलेल्यास ती होऊ नये म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाची गोळी आहे. आणि ज्यास लागण आहे त्याने औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून त्याजकडून ती दुसऱ्यास होत नाही. आमचा सोबती गेली कित्येक वर्षे या शेवटल्या स्थितीत आहे आणि अंगारकीस पायी चालतो. आमच्याहून जलद चालतो.

कायदाही आता त्याच्या बाजूस आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले, आणि त्यानंतर चौथ्याच दिवशी, १० सप्टेंबरला, एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा अमलात आला. त्यानुसार संमतीवाचून तपासणी करता येत नाही, निकाल फोडता येत नाही, आणि लागणीच्या कारणाने नोकरी किंवा शाळा नाकारता येत नाही. परंतु कायदा दिल्लीहून निघतो आणि लाज घरात राहते. सोबत्याने सांगितले की, पूर्वी मुले निदान एकमेकांस तोंडाने ओळखत. आता भ्रमणध्वनीवर चेहरा नसलेले चित्र येते, तासाभरात भेट ठरते, आणि दुसऱ्या दिवशी ते चित्र नाहीसे होते. ओळखी वाढल्या, पण सोबत कमी झाली. कोणास लागण निघाली तर कळवावे कोणास? म्हणून तो आता त्याच भ्रमणध्वनीवर बसून असतो, आणि भेट ठरविणाऱ्यांशी तपासणीच्या गोष्टी बोलतो. दहांतील सात जण संभाषण तोडतात. “तीन राहतात, सर. त्या तिघांना प्रत्येकी तीन ठाऊक असतात.”

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती सुखवस्तू घरांतील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. या मुलांपैकी पुष्कळांची लग्ने होतात. म्हणजे लावली जातात. वडिलांस सून हवी असते, मुलास नाही म्हणण्याचे धैर्य नसते, आणि जिला काहीच सांगितलेले नसते अशी एक मुलगी त्या जाळ्यात येऊन पडते. ती आपणांपैकी कोणाची तरी लेक असते. ‘हा विषय आपल्या घरचा नव्हे’ असे म्हणणाराने आपली वंशावळी एकदा नीट चाळून पाहावी.

उजाडता उजाडता आम्ही राजूरच्या टेकडीपाशी आलो. या स्थानाची कथा सर्वश्रुत आहे, तरी त्या दिवशी ती आम्ही नव्याने ऐकली. गणेशपुराणात सांगितले आहे की, वरेण्य राजाच्या घरी गजमुखाचे बालक दिसले, तेव्हा त्याचे ते जगावेगळे रूप पाहून राजा भ्याला आणि त्याने ते रानात नेऊन टाकविले. पराशर ऋषींनी ते उचलले व वाढविले. पुढे त्याच बालकाने सिंदुरासुराचा वध केला, आणि ज्याने टाकले होते तो राजा हात जोडून समोर आला. देवाने त्यास शाप दिला नाही. त्यास गणेशगीता सांगितली. ती जेथे सांगितली ते राजसदन म्हणजेच हे राजूर, अशी श्रद्धा आहे. लक्षावधी लोक येथे येतात ते टाकलेल्या लेकराच्या दर्शनास येतात, आणि घरी परततात ते पुन्हा वरेण्य होऊनच, याचे नवल वाटते.

पायऱ्यांशी रांग थांबली होती. तेथे आम्ही सोबत्यास सांगितले की, ‘संगत सोड’ म्हणणारा तो कोणीतरी कोण होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. तो रागावला असता तर आम्हांस हलके वाटले असते. मग, रांग पुढे सरकली तेव्हा, तो एवढेच म्हणाला, “तुमच्या वर्गात अजून साठ पोरं बसत असतील, सर.”

या वर्षी सुनीते शिकविताना आम्ही संकेताची गोष्ट सांगितली नाही. ती एका पुरुषाने पुरुषावरील प्रेमाने लिहिली आहेत, असे सरळ सांगितले. दोन मुले हसली, एक मुलगी खाली पाहू लागली, आणि पुढील ओळ सुरू झाली. आभाळ काही कोसळले नाही. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर सरकारी तपासणी केंद्राचा पत्ता आणि १०९७ हा मोफत माहितीचा दूरध्वनी क्रमांक आम्ही आपल्या हाताने लिहून लावला आहे. तो कोणीतरी दोनदा फाडला. आम्ही तिसऱ्यांदा लावला आहे. संध्याकाळी घरी विद्यार्थी आला तर आम्ही आता परीक्षेच्या गोष्टी काढीत नाही. तो ज्या मित्राविषयी बोलू लागतो त्या मित्राची चौकशी करतो, आणि त्या मित्रास आणखी मित्र आहेत ना, हे आवर्जून विचारतो.